घर आवरायला घेताना: नव्याने घर सांभाळणाऱ्यांसाठी

पहिल्यांदाच स्वतःच्या जबाबदारीवर घर चालवायला लागलं, की फरशी कशाने पुसावी आणि डाग कशाने निघतात हे सांगणारे पुष्कळ भेटतात. घर किती स्वच्छ असलं म्हणजे पुरे, आणि त्यातलं नेमकं काय तब्येतीला आणि मनाला लागू पडतं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. मग नवखा माणूस सुटीचा अख्खा दिवस काचा घासण्यात घालवतो आणि न्हाणीघरातली ओल तशीच राहते. त्याच्यासाठी हे लिहिलं आहे. माझं मत आधीच सांगून टाकते: घर चकचकीत असण्यापेक्षा ते विस्कटल्यावर चटकन पूर्ववत करता येणं जास्त मोलाचं आहे. दमून आल्यावर जिथे बसता येतं, आणि बसल्यावर चार बाजूंनी चार कामं अंगावर येत नाहीत, तेच घर विश्रांती देतं.

पसारा मनाला का लागतो

लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डार्बी सॅक्स्बी आणि रेना रेपेटी यांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ३० जोडपी होती, नवरा-बायको दोघंही कमावते. प्रत्येकाने आपलं घर हिंडून दाखवायचं आणि दाखवताना त्याबद्दल बोलायचं. त्या बोलण्यात पसाऱ्याचे, अर्धवट राहिलेल्या कामांचे उल्लेख किती येतात हे मोजलं, आणि लाळेतलं कॉर्टिसॉलही तपासलं. ताणाशी संबंधित असलेलं हे संप्रेरक निरोगी माणसात सकाळी जास्त असतं आणि संध्याकाळपर्यंत उतरत जातं. ज्या स्त्रियांच्या बोलण्यात पसारा आणि अपुरी कामं वारंवार आली, त्यांच्यात हा उतार सपाट होता, आणि दिवस सरताना त्यांची मनःस्थितीही जास्त खालावलेली होती. पुरुषांमध्ये हा संबंध एवढा स्पष्ट दिसला नाही. का, याचा अंदाज बहुतेक घरांमधल्या बायकांना अभ्यास न वाचताही करता येईल. त्याबद्दल पुढे बोलूच.

अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण ठरत नाही. पसाऱ्यामुळे ताण येतो, तसा ताणामुळेही पसारा साठतो. मन थकलं की हात चालत नाहीत, आणि हात थांबले की घर आणखी अंगावर येतं. हे चक्र कुठूनही तोडता येतं, आणि मनापेक्षा ओटा आवरणं सोपं असतं, म्हणून सुरुवात तिथून करावी.

डोळ्यांचंही एक गणित आहे. नजरेच्या टप्प्यात एकाच वेळी बऱ्याच वस्तू असल्या, की मेंदूच्या दृष्टीशी संबंधित भागात त्या एकमेकींशी लक्षासाठी स्पर्धा करतात. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या स्टेफनी मॅकमेन्स आणि सबीन कास्टनर यांनी २०११ साली यावर काम प्रसिद्ध केलं होतं. आपण टेबलावरच्या एका कागदाकडे बघत असतो, तेव्हा शेजारचे रिकामे कप, बिलं आणि चार्जर बाजूला सारण्याचं काम मेंदू न सांगता करत असतो. त्या कामाचाही शीण होतो.

पहिली पायरी: झाडू हातात घेण्याआधी बसा

जिथे रोज बसता तिथेच बसा. खुर्ची, पलंगाची कड, खिडकीजवळची जागा, जी असेल ती. समोर बघा आणि जे खुपतं ते कागदावर लिहा. अख्ख्या घराची यादी करू नका, त्याने धीर सुटतो. त्या एका जागेवरून दिसणाऱ्या गोष्टी लिहिल्या तरी पुष्कळ झालं.

आता यादीतल्या प्रत्येक गोष्टीला एक प्रश्न विचारा: ही दिसायला वाईट आहे, की राहायला वाईट आहे? भिंतीवरचा जुना डाग दिसायला वाईट आहे. दारामागची ओली चादर राहायला वाईट आहे. नवखा माणूस दिसण्याच्या मागे आधी लागतो, कारण पाहुण्यांना तेच दिसणार असतं. राहण्याची कामं आधी करा. घरात रोज वावरणारे तुम्ही आहात.

दुसरी पायरी: क्रम ठरवा

कुठलीही खोली आवरताना मी एकच क्रम सांगते. आधी सडणारं, मग ओलं, मग वाटेतलं, आणि शेवटी नजरेतलं. वेळ मध्येच संपला तरी चालतं, कारण सगळ्यात अपाय करणारं तोपर्यंत उरकलेलं असतं.

सडणारं म्हणजे खरकटं, उघडं अन्न, भरलेली कचऱ्याची बादली, सिंकमधली उष्टी भांडी. झुरळं, मुंग्या, माश्या, उंदीर यांना घरात राहायला अन्न, पाणी आणि आडोसा लागतो. रात्री ओटा कोरडा आणि सिंक रिकामं ठेवलं, तर यातल्या दोन गोष्टी तुम्ही काढून घेतलेल्या असतात. औषध फवारून हे साधत नाही. फवारणीनंतर काही दिवस बरं वाटतं, आणि खरकटं तिथेच असेल तर पाहुणे परततात. सगळं घर पडलेलं असलं तरी झोपण्याआधी सिंक रिकामं करा. सकाळी उठून स्वयंपाकघरात पाऊल टाकल्यावर आदल्या दिवसाचं काम समोर नसणं, याचा मनावर होणारा परिणाम आठवडाभर करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

भांडी घासण्याच्या स्पंजबद्दलही सांगायला हवं. २०१७ साली जर्मनीतल्या संशोधकांनी वापरातले १४ स्पंज तपासले. त्यात जिवाणूंची दाटी प्रचंड होती, आणि जे स्पंज घरची माणसं नियमित तापवून ‘निर्जंतुक’ करत होती, त्यांतही जिवाणू कमी आढळले नाहीत. आठवड्याने स्पंज बदलावा, असं त्यांनी सुचवलं. वापरून झाला की घट्ट पिळून उभा ठेवावा. पाण्याच्या थारोळ्यात पडलेला स्पंज पुसतो कमी आणि पसरवतो जास्त. पुसायच्या फडक्यांनाही हेच लागू आहे: ओट्याचं वेगळं, फरशीचं वेगळं, संडास-बाथरूमचं वेगळं, आणि सगळी धुवून पूर्ण वाळवलेली. रंग वेगवेगळे घेतले तर घरातल्या कोणाचाच गोंधळ होत नाही.

तिसरी पायरी: ओल

या पायरीवर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण नवख्यांचं दुर्लक्ष सगळ्यात जास्त इथेच होतं. ओल दिसायला साधी असते. भिंतीचा एक कोपरा जरा काळपट, कपाटात कुबट वास, खिडकीच्या चौकटीवर पाण्याचे थेंब. पण बुरशीला वाढायला ओलावा मिळाला की बाकी सगळं घरात आयतंच असतं: लाकूड, कागद, कापड, रंगाचा पापुद्रा, धूळ. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली, तर सहसा बुरशी धरत नाही. हा आकडा लक्षात ठेवा. पाणी सांडलं, गळलं, खिडकीतून पाऊस आत आला, तर गादी, गालिचा, पुठ्ठ्याची खोकी ‘उद्या बघू’ म्हणून ठेवू नका.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. ओलसर घरात राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारी आणि दम्याचा त्रास जास्त होतो, हा त्यांचा निष्कर्ष. लहान मूल सतत शिंकतंय, सकाळी उठल्यावर नाक बंद असतं, घराबाहेर राहिल्यावर बरं वाटतं, अशी लक्षणं दिसली तर डॉक्टरांकडे जाच, आणि कपाटामागची भिंतही एकदा बघा.

करायचं काय? आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. नळाचा जोड, छत, बाहेरच्या भिंतीतली भेग, किंवा नुसती आतली वाफ. उगम बंद केल्याशिवाय वरून रंग लावणं व्यर्थ आहे, रंगाखालून बुरशी पुन्हा वर येते. टणक पृष्ठभागावरची थोडी बुरशी साबणाच्या पाण्याने घासून काढता येते. हातमोजे आणि मास्क घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि घासल्यावर ती जागा पूर्ण कोरडी करा. ठिपका साधारण एक चौरस मीटरपेक्षा मोठा असेल, तर जाणकाराला बोलवा. गादी किंवा उशीच्या आत बुरशी शिरली असेल, तर ती वस्तू टाकून द्यावी लागते. जड वाटतं, पण वाचवण्यात अर्थ नसतो.

रोजच्या सवयी सोप्या आहेत. अंघोळ झाली की न्हाणीघराच्या फरशीवरचं आणि भिंतीवरचं पाणी वायपरने ओढून काढा, दार किंवा खिडकी उघडी ठेवा, पंखा असेल तर लावा. स्वयंपाक करताना वाफ आणि धूर बाहेर जाऊ द्या. कपाटं बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागे हवा खेळायला चार बोटं जागा सोडा. ओले टॉवेल एकावर एक टाकू नका. घरातली सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिली तर उत्तम. ती दाखवणारं छोटं उपकरण सहज मिळतं, आणि ज्याच्या घरात ओलीचा त्रास आहे त्याने ते जरूर घ्यावं. बाहेरचीच हवा दमट असेल, तर खिडकी सतत उघडी ठेवून उपयोग होत नाही. अशा दिवसांत पंखा, आर्द्रता शोषणारं यंत्र किंवा वातानुकूलन यांचा आधार घ्यावा लागतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली घराच्या आरोग्यासाठी पाच गोष्टी सांगितल्या होत्या: शुद्ध हवा, शुद्ध पाणी, सांडपाण्याचा निचरा, स्वच्छता आणि उजेड. घासणं-पुसणं ही त्यातली एक. उरलेल्या चारही हवा-पाण्याच्या आणि प्रकाशाच्या आहेत, आणि तो विचार आजही टिकून आहे. सकाळी पडदे सारून ऊन आत घेणं हेसुद्धा घरकामच. दिवसाच्या सुरुवातीला मिळालेला उजेड शरीराचं झोपेचं घड्याळ जाग्यावर ठेवतो.

चौथी पायरी: वाट मोकळी करा

पडून दरवर्षी जगात सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं दगावतात, असं जागतिक आरोग्य संघटनेची आकडेवारी सांगते. अपघाती मृत्यूंच्या कारणांत पडणं दुसऱ्या क्रमांकावर आहे, आणि ६० वर्षांवरच्या लोकांना धोका सगळ्यात जास्त. घरात आई-वडील, सासू-सासरे किंवा आजी-आजोबा असतील, तर पसारा हा दिसण्याचा प्रश्न उरतच नाही. पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाट रात्रीच्या अंधारात चालून पाहा. पायात काय येतं? चपला, वायर, सरकणारं पायपुसणं, खुर्चीचा पाय. ते तिथून हलवा. पायपुसण्याखाली न घसरणारी जाळी टाका, वाटेवर मंद दिवा ठेवा, जिन्यावर कधीही काहीही ठेवू नका.

पाचवी पायरी: नजरेतलं, म्हणजे वस्तूंना जागा देणं

इथवर आलात की घर राहण्याजोगं झालं. आता आवराआवर.

पसारा बहुतेक वेळा आळसामुळे होत नाही. ज्या वस्तूला ठरलेली जागा नाही ती कुठेतरी पडणारच. चाव्या, चष्मा, औषधं, बिलं, हेडफोन, पिशव्या, एकदा घातलेले पण धुवायला न टाकायचे कपडे: जवळजवळ सगळ्या घरांत पसारा याच गोष्टींचा असतो. प्रत्येकीला घर द्या. आणि ते घर ती वस्तू जिथे आपोआप पडते तिथेच द्या. चाव्या दाराजवळच्या टेबलावर पडत असतील, तर तिथेच एक वाटी ठेवा. त्या आतल्या खोलीतल्या खणात ठेवायचा नियम केला, तर तो नियम आठवडाभरही टिकणार नाही. अर्धवट वापरलेल्या कपड्यांसाठी दोन खुंट्या लावा, खुर्ची मोकळी होईल.

मग अडगळ. नको असलेलं काढताना लोक भावनिक वस्तूंपासून सुरुवात करतात आणि जुने फोटो बघत दुपार घालवतात. तसं करू नका. निर्णय सोपा असेल तिथून सुरू करा: मुदत संपलेली औषधं, झाकण हरवलेले डबे, न चालणारी पेनं, कशाच्या ते आठवत नसलेल्या वायरी. औषधं कचऱ्यात किंवा सिंकमध्ये टाकण्याआधी औषधाच्या दुकानात विचारा, कित्येक ठिकाणी ती परत घेण्याची सोय असते. निर्णय घेण्याची सवय झाली की कपडे, मग पुस्तकं आणि कागद, आणि आठवणींच्या वस्तू सगळ्यात शेवटी. गेलेल्या माणसाच्या वस्तूंना तर घाई करूच नये. त्या एका खोक्यात नीट बांधून ठेवल्या तरी घर आवरलेलंच असतं.

दुसऱ्याच्या वस्तू त्याला न विचारता टाकू नका. मुलांच्याही. घरात आपली वस्तू सुरक्षित आहे हा विश्वास गेला, की माणूस प्रत्येक वस्तू जास्तच घट्ट धरून ठेवतो.

टेबल साफ हवंच, असा मात्र हट्ट नको. मिनेसोटा विद्यापीठातल्या कॅथलीन व्होस आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, नीटनेटक्या खोलीत बसलेल्यांनी खाण्यासाठी आरोग्याला बरा पर्याय जास्त वेळा निवडला आणि दानही जास्त केलं. विस्कटलेल्या खोलीत बसलेल्यांना मात्र जास्त नव्या कल्पना सुचल्या. चित्र काढणाऱ्याचं, शिवणकाम करणाऱ्याचं, लिहिणाऱ्याचं कामाचं टेबल काम चालू असताना भरलेलं असणारच. त्याला एक कोपरा द्या आणि तिथे कोणी आवरायला जाऊ नका.

सहावी पायरी: प्रत्यक्ष घासणं-पुसणं

हे थोडक्यात सांगून होतं. वरून खाली या: आधी जाळीजळमटं आणि पंखा, मग कपाटं आणि टेबलं, शेवटी फरशी. आधी कोरडं, मग ओलं: केर काढल्याशिवाय पुसलं तर धुळीचा नुसता चिखल होतो. धूळ झटकू नका, किंचित ओलसर फडक्याने टिपा. झटकलेली धूळ हवेत तरंगते आणि पुन्हा तिथेच बसते. साबण लावला की थोडा वेळ थांबा. चिकट डागाला मुरायला वेळ दिला, तर निम्मं घासणं वाचतं.

अंथरुणाकडे विशेष लक्ष द्या. गादी-उशीत धुळीतले कीटक राहतात, ०.३ मिलिमीटरच्या आसपासचे, सहसा डोळ्यांना न दिसणारे. माणसाच्या त्वचेच्या गळालेल्या पापुद्र्यांवर ते जगतात आणि हवेतला ओलावा शोषून तहान भागवतात. ते चावत नाहीत, पण त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांची ॲलर्जी पुष्कळांना असते. चादरी आणि अभ्रे आठवड्यातून एकदा धुवा. घरात ॲलर्जी किंवा दमा असेल तर ६० अंश सेल्सिअस पाण्यात धुतल्यास हे कीटक मरतात. सकाळी उठल्याबरोबर पांघरूण घट्ट घालू नका, अंथरुणाला थोडा वेळ हवा लागू द्या, मग ते नीट करा. धुतलेल्या, वाळलेल्या चादरीवर पाठ टेकण्याचं सुख वेगळं सांगायला नकोच.

रसायनांबाबत मात्र अजिबात ढिलाई नको. ब्लीच आणि अमोनिया असलेलं द्रव्य एकत्र आलं तर क्लोरामाइन वायू तयार होतात. ब्लीच आणि आम्ल, म्हणजे संडास साफ करायचं आम्लयुक्त द्रव्य किंवा व्हिनेगर, एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये यामुळे फुप्फुसांना गंभीर इजा होते. दोन बाटल्या कधीही एकत्र करू नका, एक वापरल्यावर भरपूर पाण्याने धुतल्याशिवाय दुसरी वापरू नका. रसायन पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवू नका, आणि मुलांचा हात पोहोचणार नाही असं ठेवा.

रोज जंतुनाशक लागतं का? नाही. रोजच्यासाठी साबण आणि पाणी पुरतं. कोणी आजारी असेल, किंवा कच्चं मांस ओट्यावर हाताळलं असेल, तेव्हा जंतुनाशक वापरा: आधी मळ साबणाने काढा, मग द्रव्य लावा, आणि बाटलीवर लिहिलेला वेळ ते ओलं राहू द्या. लावून लगेच पुसलं तर त्याला काम करायला वेळच मिळत नाही. फवाऱ्यापेक्षा फडक्यावर ओतून वापरलेलं बरं. बर्गन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली सहा हजारांहून अधिक लोकांचा २० वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सफाईचं काम करणाऱ्या आणि घरी नियमित सफाई करणाऱ्या स्त्रियांची फुप्फुसांची क्षमता इतरांपेक्षा जास्त वेगाने घटलेली त्यात दिसली. घर स्वच्छ करणाऱ्याची तब्येत घराइतकीच जपायला हवी.

सातवी पायरी: सवय

आठवड्यातून एकदा जिवाच्या आकांताने साफसफाई करण्यापेक्षा रोज थोडं केलेलं टिकतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना नवी सवय लावून घेताना पाहिलं. सवय आपोआप होण्याइतकी रुळायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ तर कोणाला २५४ दिवस लागतील असा त्यांचा हिशोब निघाला. त्यातली धीर देणारी बाब अशी, की मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. नवखे लोक तिथेच हार मानतात: एक दिवस राहिलं, मग ‘आता सोमवारपासून’. सोमवारची वाट बघू नका, संध्याकाळीच पुन्हा सुरू करा.

सवय आधीच्या एखाद्या कामाला जोडली की लवकर रुळते. दात घासले की बेसिन पुसायचं. चहा-कॉफी उकळेपर्यंत ओटा आवरायचा. झोपण्याआधी एकच फेरी मारायची: कप सिंकमध्ये, चपला जागेवर, उद्याची पिशवी दाराजवळ. सुरुवातीला एकच सवय धरा. ती अंगवळणी पडेपर्यंत दुसरी जोडू नका.

कामाकडे लक्ष देऊन केलं तर कामही विश्रांती देऊ शकतं. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात ५१ विद्यार्थ्यांवर झालेला, २०१५ साली प्रसिद्ध झालेला छोटा प्रयोग आहे. पाण्याची ऊब, साबणाचा वास, भांड्याचा स्पर्श यांकडे लक्ष देऊन भांडी घासणाऱ्यांची अस्वस्थता कमी झाली. नुसती घासणाऱ्यांची झाली नाही. प्रयोग लहान आहे, पण करून पाहायला काहीच लागत नाही.

आठवी पायरी: काम वाटून घ्या

सॅक्स्बी आणि रेपेटी यांनी अँथनी ग्रेश यांच्यासह २०११ साली आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. नवऱ्याने घरकामाला जास्त वेळ दिला, तर बायकोचं कॉर्टिसॉल संध्याकाळपर्यंत नीट उतरत होतं. म्हणजे आवरलेलं घर एकाला स्वस्थ बसवत असेल आणि दुसऱ्याला राबवत असेल, तर त्या घराने सगळ्यांचं भलं केलं असं म्हणता येत नाही.

वाटणी करताना ‘मदत’ मागू नका, जबाबदारी वाटा. कचरा ज्याच्याकडे आहे त्याने बादली भरली का ते बघायचं, पिशव्या संपत आल्या का ते बघायचं, आणि कोणी आठवण न करता बाहेर न्यायचं. आठवण करून देणं हेही कामच आहे, आणि ते वर्षानुवर्षं एकाच माणसाच्या डोक्यात राहतं. लहान मुलंही खेळणी खोक्यात टाकू शकतात, शाळकरी मुलं कपड्यांच्या घड्या घालू शकतात. घडी तुमच्यासारखी पडली नाही तर पुन्हा घालत बसू नका. तुम्ही पुन्हा घातलीत, की मूल पुढच्या वेळी हात लावणार नाही.

एकट्याने राहत असाल, तर वाटणी दिवसांमध्ये करा. आज भांडी आणि केर, उद्या कपडे, परवा बाथरूम. सगळं आजच, हा हट्ट सोडा.

काही जमतच नसेल तेव्हा

आजारपण, बाळंतपण, परीक्षा, नोकरीतली धामधूम, दुःख. अशा काळात घर मागे पडणारच. तेव्हा क्रमातल्या पहिल्या दोनच गोष्टी करा: सडणारं बाहेर, ओलं वाळत. बाकी राहू दे. कोणी ‘काय मदत करू’ विचारलं तर संकोच न करता सांगा, कचरा खाली ने किंवा चादरी धू.

पण घर कित्येक आठवडे हाताबाहेर राहिलं, अंघोळ-जेवणही जड जात असेल, कशातच रस वाटत नसेल, तर ते नैराश्याचं लक्षण असू शकतं. तिथे झाडू उपयोगाचा नाही, डॉक्टर किंवा समुपदेशकाशी बोलावं. एकही वस्तू टाकवत नाही, खोल्या वापरण्याजोग्या उरल्या नाहीत, अशा स्थितीला साठेबाजीचा विकार म्हणून वैद्यकशास्त्रात स्वतंत्र निदान आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात ते समाविष्ट झालं. अशा माणसाचं घर त्याला न विचारता, त्याच्या गैरहजेरीत साफ करून टाकू नका, त्याने त्रास वाढतो. याच्या उलट, हात वारंवार धुतल्याशिवाय, तीच जागा पुन्हा पुन्हा पुसल्याशिवाय चैनच पडत नसेल आणि दिवसाचे तास त्यात जात असतील, तर तेही दाखवून घ्यायला हवं. दोन्हींवर उपचार आहेत, आणि जवळच्या माणसाने न रागावता सोबत जाऊन वेळ घेऊन दिली, तर पहिलं पाऊल उचलणं सोपं जातं.